बग्गीची मागची बाजू

माझ्या बाबांना ज्या माणसाने भर दुकानात उभं ठेवलं, त्याचं ते दुकान बसलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि मला बरं वाटलं. सूड घेऊन समाधान मिळत नाही असं लोक म्हणतात. मला मिळालं. कसं मिळालं ते सांगते.

आम्ही कलकत्त्याचे मराठी. बाबा सरकारी बँकेत अधिकारी होते, बदलीवर इथे आले, पुढची बदली त्यांनी कशीबशी टाळली आणि बेहालाला घर घेऊन इथलेच झाले. माझा जन्म इथला. घरात मराठी, दाराबाहेर पडलं की बंगाली, कामावर निम्मी हिंदी. माझ्या मराठीतल्या चुका आई अजून काढते.

मी फोटो काढते, पण माणसांचे नाही. मोठ्या वस्तूंचे, आणि तेही चहूबाजूंनी. मोटारगाडी, सोफा, जनरेटर, बजबजच्या गिरणीतलं एखादं यंत्र, कपाट. वस्तू एका फिरत्या तबकडीवर चढवायची, कॅमेरा समोर घट्ट रोवायचा आणि तबकडी थोडी थोडी वळवत फोटो घेत जायचे. सगळे फोटो एकामागे एक जोडले की घेणारा माणूस आपल्या फोनवर बोट ओढून ती वस्तू हवी तशी फिरवून बघतो. घड्याळं आणि चपला फिरवायच्या छोट्या तबकड्या बाजारात मिळतात. मोटार पेलेल अशी मला मिळाली नाही, म्हणून मी स्वतः आकृती काढून आमच्याच भागातल्या एका वेल्डिंगवाल्याकडून ती करून घेतली. जाड पोलादी पत्रा, खाली गोल रूळ, रुळावर चाकं, मधोमध एक भक्कम बेअरिंग आणि बाजूला मोटर. एका बंद पडलेल्या छापखान्याची शेड भाड्याने घेऊन ती तिथे बसवली. मागची भिंत पांढरी, खाली वळण घेत जमिनीला मिळणारी, म्हणजे फोटोत कुठेही कोपरा दिसत नाही.

बाबांना या कामाचं फार कौतुक होतं. निवृत्त झाल्यावर ते सकाळी शेडवर येऊन बसायचे. वस्तू तबकडीच्या बरोबर मध्यावर आली नाही तर फोटोत ती फिरताना लंगडल्यासारखी दिसते. ते लंगडणं बाबांना माझ्याआधी दिसायचं. "जरा डावीकडे," ते म्हणायचे, आणि मी सरकवायचे.

ज्याच्याबद्दल सांगते आहे तो माणूस बागबाजारात जुन्या फर्निचरचा व्यापार करायचा. मोठं दुकान, दर्शनी भागात झुंबरं, आत एकावर एक रचलेले पलंग, आरसे, टेबलं, आणि खुर्च्या तर किती. उत्तर कलकत्त्यातली जुनी घरं मोडायला निघाली की तिथलं सामान त्याच्याकडे यायचं. बोलण्यात गोड, राहणीत टापटीप, धोतर नेहमी कडक इस्त्रीचं. मी त्याला दादा म्हणायचे. परगावच्या गिऱ्हाइकांना दाखवायला त्याला असे फिरते फोटो हवे असत. दोनेक वर्षं मी त्याच्या बऱ्याच वस्तू फिरवल्या.

मग त्याने एक पियानो पाठवला. मोठा, लांब शेपटीचा, तीन पायांवर उभा राहणारा. एका कुटुंबाने तो त्याच्याकडे विकायला दिला होता. हमालांनी तो तबकडीवर ठेवला, मी दिवे लावले, पॉलिशमध्ये माझंच प्रतिबिंब पडू नये म्हणून काळा सदरा घातला आणि तबकडी सुरू केली. वेग इतका कमी होता की वर ठेवलेला पाण्याचा पेला हिंदकळला नसता. अर्धी फेरी झाली असेल. कट्ट असा आवाज आला आणि मागचा पाय मोडून पियानो एका अंगावर बसला. आतल्या तारा एकदम वाजल्या. तो आवाज पुढे कितीतरी दिवस माझ्या कानात होता.

मी धावले. मोडलेल्या पायाच्या आत लाकूड नव्हतंच. वाळवीने पोखरलेली पोकळी होती, तिच्यात पुट्टी भरली होती आणि वरून पॉलिश. पांढरट भुगा तबकडीवर सांडला होता. मी कॅमेरा आणायला वळले तेवढ्यात त्याच्या माणसांनी तो पाय उचलून टेम्पोत टाकला होता आणि एकाने भुगा झाडूनही घेतला होता.

तासाभरात तो स्वतः आला. पियानोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तुम्ही तबकडी जोरात फिरवलीत."

"दादा, त्या पायात पुट्टी होती. मी पाहिली."

"कुठे आहे?" तो शांतपणे म्हणाला. "दाखवा."

दाखवायला माझ्याजवळ काही नव्हतं.

पियानोच्या मालकांना त्याने तेच सांगितलं आणि बाजारातही तेच पसरवलं. वर एक विनोद जोडला. मराठे घोडेस्वार एकेकाळी बंगाल लुटायला येत, त्यांना इथे बर्गी म्हणतात, आणि त्यांना अडवायला खणलेला खंदक बागबाजारातूनच सुरू होत असे. तर हा म्हणायचा, "खंदक बुजवला तिथेच चूक झाली. बर्गीची मुलगी आत आली आणि पियानो मोडून गेली." लोक हसायचे. हा विनोद मी स्वतः तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकला आणि तिघांनाही तो मला सांगताना गंमत वाटत होती. जुन्या वस्तूंचं काम मला कोणी देईना. मोटारीवाल्यांवर आणि यंत्रांवर मी दिवस काढले.

तरी इथपर्यंत मी फक्त रागात होते. धंद्यात माणसं स्वतःची कातडी वाचवतात, हेही कळत होतं. डूख धरला तो पुढे.

काही महिन्यांनी एका लिलावाआधी वस्तू बघायला ठेवल्या होत्या, तिथे मी गेले होते. काम मिळालं तर बघावं म्हणून. तो चार व्यापाऱ्यांच्या घोळक्यात उभा होता. मला पाहून त्याने हाक मारली.

"दीदी, तुमचे बाबा फार सज्जन माणूस आहेत," तो म्हणाला. "दुकानात येऊन हात जोडून माफी मागून गेले. मुलीला माफ करा म्हणाले. तुमच्यापेक्षा त्यांना जग जास्त कळतं."

त्या चौघांनी माझ्याकडे पाहिलं. मला हे माहीतच नव्हतं.

घरी आले. बाबा गॅलरीत वर्तमानपत्र वाचत होते. मी विचारलं, "तुम्ही बागबाजारला गेला होता?"

त्यांनी पेपर खाली ठेवला नाही. "गेलो होतो. तुझं काम पुन्हा सुरू झालं असतं तर बरं झालं असतं."

"माफी कशाची मागितलीत? माझी चूक नव्हती."

"मला माहीत आहे. मीच तर रोज बघत होतो ती तबकडी." मग म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाने हात जोडले की समोरचा विरघळतो असं मला वाटायचं. आमच्या वेळी विरघळायचे."

"बसायला तरी सांगितलं का त्याने?"

बाबा हसले. "उभ्यानेच बोललो. गिऱ्हाईक होतं त्याच्याकडे, ते उरकेपर्यंत थांबलो. आजूबाजूला इतक्या खुर्च्या होत्या ग. बहुतेक सगळ्या विकायच्या असतील."

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. बेहालाहून बागबाजार म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. तिथे ते काठी टेकत उभे राहिले असतील, झुंबरांखाली, शेकडो खुर्च्यांच्या मध्ये. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. आंघोळ करताना, भाजी चिरताना, बसमध्ये, कुठेही मला तेच दिसायचं. तेव्हा मी ठरवलं. काय करायचं ते ठरवलं नव्हतं, करायचं एवढं ठरवलं होतं.

आधी मी पुट्टी शिकले. भंगारवाल्याकडून एक जुनं शिसवी दार आणलं, त्याला भोकं पाडली, पुट्टी भरली, घासली, रंग दिला, पॉलिश केलं. माझ्याकडून आधी ओबडधोबड व्हायचं, नंतर हात बसला. मग ते दार तबकडीवर उभं करून निरनिराळ्या बाजूंनी दिवे टाकून पाहिले. आम्ही नेहमी दिवे समोरून आणि वरून लावतो, पांढऱ्या कापडातून गाळून. त्या मऊ उजेडात माझी पुट्टी मलाही सापडत नव्हती. दिवा खाली जमिनीलगत आणून लाकडाच्या अंगाला घासून जाईल असा बाजूने टाकला, तशी ती फोडासारखी वर आली. लाकूड काळाने बसतं, दबतं, पुट्टी तशी दबत नाही. खऱ्या लाकडाच्या रेषा चालत येतात आणि तिथे येऊन थांबतात. वस्तू फिरत असली तर आणखी सोपं, कारण चकाकी पुढे पुढे सरकते आणि पुट्टीवर आली की अडखळते. हे मी महिनोन्महिने करत होते. आईला वाटायचं मी दारं विकायचा धंदा काढते आहे.

आणि वाट बघत होते. यात वर्षं गेली.

फोन आला तो जयपूरच्या एका हॉटेलाची खरेदी बघणाऱ्या बाईंचा. त्यांना हॉटेलच्या दिवाणखान्यात ठेवायला एक जुनी बग्गी हवी होती, कलकत्त्यात पसंत पडली होती, जमीनदार घराण्यातली आहे असं विकणाऱ्याचं म्हणणं होतं. व्यवहार करण्याआधी त्यांच्या कारागिराला ती सर्व बाजूंनी बघायची होती आणि त्याला एवढ्या लांब येणं जमणार नव्हतं. एवढं मोठं धूड फिरवणारी तबकडी तुमच्याकडे आहे, असं त्यांना एका मोटारीवाल्याने सांगितलं होतं. मी विकणाऱ्याचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, जरूर करते.

पियानोची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. सांगायला हवी होती असं मला आजही वाटत नाही.

ठरलेल्या सकाळी ट्रक आला. ट्रकच्या पुढच्या सीटवरून तो उतरला. इतक्या वर्षांत थोडा जाड झाला होता, धोतर तसंच कडक. शेडच्या दारात मला पाहून थबकला. मधल्या वर्षांत मी शेड बदलली होती, आणि ही नवी कोणाची आहे हे त्याला सांगितलेलं नव्हतं. पण जयपूरच्या बाई तिथेच उभ्या होत्या, मागे फिरणं शक्य नव्हतं. मग त्याने हसून घेतलं आणि बाईंना म्हणाला, "ह्यांनी एकदा माझा पियानो पाडला होता."

"हो," मी म्हटलं. "तेव्हापासून तबकडीवर चढणारी प्रत्येक वस्तू मी आधी नीट बघते."

बग्गी दिसायला देखणी होती. काळी, सोनेरी रेघांची, दारावर घराण्याचं चिन्ह कोरलेलं, टप चामड्याचा. मी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि मला आतून गार वाटलं. मागच्या फळीजवळचं पॉलिश जरा जास्तच सारखं होतं.

तो माझ्याजवळ आला आणि बाईंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात बंगालीत म्हणाला, "दीदी, झालं गेलं विसरा. मागच्या बाजूला जरा सावली राहू द्या. जुन्या लाकडाला सावली शोभून दिसते."

मी म्हटलं, "बरं."

मग मी गाळणीची कापडं काढून टाकली. दोन दिवे उचलून त्यांचे स्टँड पार खाली आणले, जमिनीलगत, आणि बग्गीच्या अंगाला घासून जातील असे फिरवले. आयुष्यभर वस्तू उजेडात कशा बऱ्या दिसतात हे बघत आलेला माणूस तो. स्टँड खाली येताना पाहिले आणि त्याला समजलं. त्याचा चेहरा मी पाहत होते, दिव्यांकडे पाहायची मला गरज नव्हती.

तबकडी सुरू केली. लागते त्याहून संथ ठेवली.

बाई माझ्या संगणकाच्या पडद्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. एकेक फोटो पडद्यावर येत होता. आधी पुढची बाजू, दिमाखदार. मग दार आलं. घराण्याचं चिन्ह बाजूच्या उजेडात वेगळं उठून आलं, त्याच्याभोवती गोंदाची कड दिसत होती. ते दुसऱ्याच कुठल्यातरी वस्तूवरून काढून चिकटवलेलं होतं. मग मागची बाजू. फळीवर फोडांसारखे डाग, निम्म्याहून जास्त फळी पुट्टीची. आसाला ताजं वेल्डिंग, वर काजळीसारखा रंग. मागची दोन चाकं पुढच्या चाकांच्या जातकुळीतली नव्हती. तीन बग्ग्यांची मिळून ही एक केली होती.

"हे थांबवा," तो म्हणाला.

"एकदा सुरू झाली की मध्येच थांबवता येत नाही, दादा."

येते थांबवता. माझ्या हातातल्या एका बटणाने थांबते.

बाईंनी विचारलं, "हे डाग कसले?"

तो बोलायला लागला. दमट हवा, जुनं लाकूड, थोडीफार दुरुस्ती तर होतेच. बाई ऐकत होत्या आणि पडद्यावर बोट ओढून मागची बाजू पुन्हा पुन्हा पुढे आणत होत्या. शेवटी म्हणाल्या, "कळवते तुम्हाला." आणि चष्मा पर्समध्ये ठेवला. बग्गी ट्रकवर परत चढली.

त्यात खोटा फोटो एकही नव्हता. पण उजेड मी निवडला होता, आणि का निवडला होता ते मला पक्कं माहीत होतं. मऊ उजेडात त्याच बग्गीचे तितकेच खरे फोटो निघाले असते आणि ती विकली गेली असती.

फोटो मी फक्त बाईंना दिले. त्यांनी ते आणखी कोणाकोणाला पाठवले असावेत, कारण दोन-तीन महिन्यांतच बाजारात कुजबुज सुरू झाली. ज्यांनी त्याच्याकडून पलंग आणि कपाटं घेतली होती, ते टॉर्च घेऊन आपापल्या घरात वाकून बघायला लागले. एकाचं कपाट परत आलं, मग दुसऱ्याचं टेबल. पितळ उघडं पडायला लागलं की कसं भराभर पडतं ते मी लांबून बघत होते. मुद्दाम बागबाजारच्या बाजूने जायचे. एकदा झुंबरं उतरवलेली दिसली. नंतर अर्ध्या दुकानात औषधांचं दुकान आलं.

त्याचा फोन आला. आवाजात गोडवा नव्हता.

"तुम्ही माझं दुकान बसवलंत."

"मी फक्त बग्गी फिरवली."

"त्या पियानोचं उट्टं काढलंत. एका पियानोसाठी."

"पियानोसाठी नाही."

तो गप्प झाला. कशासाठी ते त्याला खरोखरच आठवत नव्हतं, हे मला त्या गप्प होण्यावरून समजलं. मग तो म्हणाला, "तुमचे बाबा असे वागले नसते."

"नसते वागले," मी म्हटलं. "तुम्ही त्यांना उभं ठेवलंत तरी ते वागले नाहीत. मी वागले."

फोन ठेवल्यावर माझं मन हलकं होतं.

त्या रविवारी मी बाबांना टॅबलेटवर बग्गी दाखवली. काहीच सांगितलं नाही, फक्त ती कोणाची ते सांगितलं. मला थोडी भीती होती. ते रागावतील, असं करू नये म्हणतील, असं वाटत होतं. बाबांनी चष्मा नाकावर सरकवला, बोटाने बग्गी हळूहळू फिरवली. मागच्या फळीवर थांबले. बराच वेळ बघत राहिले. आई स्वयंपाकघरातून विचारत होती काय चाललंय.

"मध्यावर छान बसली आहे," ते म्हणाले. "अजिबात लंगडत नाही."

मग म्हणाले, "आण बघू इकडे, परत एकदा फिरवतो." आणि पुन्हा मागच्या फळीवर येऊन थांबले. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात जे हसू होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. बाबांबद्दल माझं काही चुकलंच होतं म्हणायचं.

गेल्या उन्हाळ्यात तो मला भेटला. मेट्रोतून उतरून मी भाजीच्या पिशव्या घेऊन शेअर ऑटोत बसले होते. पुढच्या वळणावर तो चढला. बाजूची जागा एकच रिकामी होती, माझ्या शेजारची. त्याने मला ओळखलं, मी त्याला ओळखलं. तो अंग चोरून बसला. धोतर नव्हतं, साधी पँट होती. बेहालाला कोणाकडे तरी निघाला असावा. ऑटो खड्ड्यात गेली की आमचे खांदे एकमेकांना लागत होते आणि दोघेही सरकायला जागा शोधत होतो.

माझा थांबा आला. उतरायचं म्हणजे त्याला आधी उतरून मला वाट द्यावी लागणार होती, आणि मला त्याच्याकडून वाट मागायची नव्हती. मी सरळ समोर बघत बसून राहिले. तो दोन थांबे पुढे उतरला, ड्रायव्हरला सुटे देताना त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही. ऑटो आणखी पुढे गेल्यावर मी उतरले आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन भर दुपारच्या उन्हात घरी चालत आले.